तंबोऱ्याची घोडी आणि मिरजेचे कारागीर

आपल्या संगीतात आज जी वाद्ये प्रचारात आहेत त्यांपैकी वाजविण्यास सर्वांत सुलभ आणि घडविण्यास सर्वांत दुर्घट वाद्य कोणते, असा प्रश्न कोणी केला तर मी तंबोऱ्याचे नाव घेईन. चार तारा एकामागून एक, न थांबता आणि न घाई करता छेडीत राहणे एवढेच ज्याचे वादन, आणि जे वादन गवयाच्या मागे बसलेला नवशिका शिष्यही थोड्याच अवधीत आत्मसात करतो, त्या वाद्याच्या घडणीत एवढे अवघड काय असावे, असे वरवर पाहणाऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सतार, सारंगी, सरोद ही वाद्ये वादकाच्या बोटांच्या करामतीने आपले दोष काही अंशी झाकू शकतात. तंबोऱ्याला ती सोय नाही. त्याला पडदे नाहीत, त्यावर राग वाजत नाही, त्याच्याजवळ देण्यासारखे नादाखेरीज दुसरे काही नाही, आणि तो नादच जर कोता किंवा कोरडा निघाला तर त्या पाच फुटी डौलाचा उपयोग दिवाणखान्याच्या शोभेपलीकडे उरत नाही. शिवाय हा नाद एकदा निर्माण करून वाद्य गिऱ्हाइकाच्या हवाली केले की कारागीर मोकळा झाला, असेही होत नाही. तंबोऱ्याचा नाद वाजविण्यानेच झिजतो आणि काही मुदतीने त्याला पुन्हा कारागिराच्या हाताखाली जावे लागते. नवे वाद्य करणे आणि जुने दुरुस्त करणे हे पुष्कळ धंद्यांत भिन्न, किंबहुना उच्चनीच मानले जाणारे दोन व्यवहार, तंबोऱ्याच्या बाबतीत एकाच कसबाचे दोन हप्ते ठरतात, ते यामुळे.

हे कसब महाराष्ट्रात ज्या गावी सर्वाधिक रुजले ते गाव मिरज. पटवर्धनांच्या संस्थानाची ही राजधानी. दर्गा, किल्ला आणि पेठा यांनी गजबजलेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास येथील शिकलगारांच्या काही घरांनी वाद्ये करण्याचा उद्योग आरंभिला, आणि त्या उद्योगाचे आद्य पुरुष म्हणून फरीदसाहेब शिकलगार यांचे नाव मिरजेत आजही आदराने घेतले जाते. शिकलगार हा पेशा मूळचा हत्यारांचा. तलवारी, कट्यारी, भाले यांना धार लावणे, पाणी देणे, म्यानमुठीची डागडुजी करणे हे त्यांचे पिढीजात काम. परंतु १८१८ साली पेशवाई बुडाली, संस्थानांच्या फौजा केवळ मिरवणुकीपुरत्या उरल्या, आणि ज्या हुन्नराला दरबारी तैनात होती त्याला गिऱ्हाईक उरले नाही. अशा समयी संस्थानिकांचा गाण्याचा शौक या कारागिरांच्या कामी आला. दरबारी गवयांची बिघडलेली वाद्ये प्रथम दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे गेली आणि दुरुस्ती करता करता नवी वाद्ये घडविण्याची विद्या त्यांना साध्य झाली, अशी हकीकत मिरजेत परंपरेने सांगितली जाते. या हकीकतीतील तपशिलाबद्दल कोणी वाद घालील. पण ज्या धंद्याचा पुढचा सगळा इतिहास दुरुस्तीच्या आधारावर चालला त्याचा उगमही दुरुस्तीत सांगितला जावा, हे मला तरी फार यथार्थ वाटते. शिकलगारांची ही घराणी पुढे सतारमेकर या आडनावाने ओळखली जाऊ लागली आणि त्यांच्या वस्तीच्या गल्लीलाही तेच नाव पडले.

केवळ राजाश्रयाने मात्र असा उद्योग शंभर-दीडशे वर्षे तगत नाही. मिरजेचे भाग्य असे की ज्या कानांसाठी ही वाद्ये घडत होती ते कानही गावातच वावरत होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहत असत आणि त्यांच्यापाशीच विष्णु दिगंबर पलुसकरांची तालीम झाली. पुढे किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेस आपले घर केले; १९३७ साली त्यांचा देहान्त दूर दक्षिणेत, प्रवासात झाला, तरी त्यांना दफन मात्र मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात करण्यात आले, आणि तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायनवादनाची हजेरी लावण्याचा शिरस्ता अद्यापि चालू आहे. खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात निष्णात होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० साली निघाला, आणि त्यांच्या श्रुतिमापनाच्या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले होते. असा गवई ज्या गल्लीत येऊन बसतो, तार छेडून पाहतो आणि ‘गंधार बोलत नाही’ म्हणून वाद्य परत करतो, त्या गल्लीतील कारागिराचा कान कोणत्याही विद्यालयाच्या शिक्षणक्रमावाचून तयार होतो.

आता वाद्याकडे वळू. तंबोऱ्याचा आरंभ शेतात होतो. त्याचा भोपळा ही कडू भोपळ्याची जात. भाजीला ती कामाची नाही, आणि तिची लागवड वाद्यांसाठीच केली जाते. मिरजेला हा जिन्नस मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर, मंगळवेढे, बेगमपूर या भीमाकाठच्या मुलखातून येतो. ज्या फळाचा घेर पन्नास इंचांच्या आसपास भरतो, ज्याची साल जाड आणि सर्वत्र सारखी असते, आणि ज्याची गोलाई एका अंगाला कललेली नसते, असे फळ पुरुषी तंबोऱ्यासाठी निवडतात. त्याहून लहान फळे बायकी तंबोऱ्याला, सतारीला आणि वारकऱ्यांच्या वीणेला जातात. वेलीवर फळ पक्व होऊन वाळले पाहिजे, आणि नंतर कारागिराच्या माळ्यावर ते महिनेच्या महिने पडून राहिले पाहिजे. या अवधीत अवेळी पाऊस झाला, नदीला पूर आला किंवा फळाला कीड लागली तर त्या वर्षाचे पीक गेले. भोपळ्याच्या बाबतीत कारागीर हा शेतकऱ्याइतकाच आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. लाकूड वखारीतून आणता येते, तार बाजारात मिळते, भोपळ्याला मात्र दुसरा बाजार नाही.

वाळलेला भोपळा फार ठिसूळ असतो. तसाच कापावयास गेले तर त्याच्या ठिकऱ्या होतील. म्हणून तो प्रथम पाण्यात भिजत घालतात, आणि साल नरम झाली की वरचा भाग कापून आतील बी व गर खरवडून काढतात. कीड लागू नये म्हणून मोरचुदाचा उपयोग करण्याची वहिवाट आहे. ओलसर असतानाच आतून काठ्यांचे आधार देऊन त्याचे तोंड हवे तितके ताणतात आणि पुन्हा वाळवितात. या ताणण्यात फळाचा उपजत दोष थोडाफार दूर होतो, परंतु फळाच्या प्रकृतीविरुद्ध फार जबरदस्ती केली तर पुढे केव्हातरी, बहुधा एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात, तो भोपळा तडकतो. दोन भोपळे कधीही अगदी एकसारखे नसतात. गवयांना तंबोऱ्याची जोडी हवी असते आणि ती जुळी हवी असते. अशी जोडी जमविण्यासाठी कारागीर माळ्यावरच्या फळांच्या राशीत कित्येक दिवस चाचपडत बसतो, दोन्ही भोपळ्यांवर टिचकी मारून ऐकतो, आणि जमली नाही तर पुढच्या हंगामाची वाट पाहतो.

भोपळ्यावर लाकडाचा गळा बसवितात, गळ्यावर पोकळ दांडी, आणि भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर तबली. लाकूड बहुधा तुणीचे, पुष्कळ वर्षे मुरलेले. तबली ही सपाट फळी नसते. जाड फळीतून आतबाहेर कोरून तिला मंद फुगवटा दिलेला असतो, कारण चार तारांचा ताण घोडीच्या पायांवाटे तिच्यावर अहोरात्र दाबत असतो आणि सपाट फळी त्या दाबाखाली हळूहळू बसते. तबली जाड ठेवली तर वाद्य टिकते पण बोलत नाही. पातळ केली तर बोलते पण टिकत नाही. यातील मध्य कोठे आहे हे फूटपट्टीने सांगता येत नाही, कारण प्रत्येक फळीची घनता वेगळी. रंधा मारता मारता कारागीर तबली अधूनमधून कानाजवळ धरून बोटाने वाजवितो आणि कोठे थांबावे ते ठरवितो. सरसाने जोड बसविणे, दांडीला खुंट्या घालणे, लाखेचे पॉलिश, पानाफुलांची नक्षी यांत पुष्कळ दिवस जातात आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत तीच कामे भरतात. पण नादाच्या दृष्टीने ती दुय्यम होत.

मुख्य गोष्ट घोडीची. तबलीवर उभी असलेली, तारांना आधार देणारी ही चिमुकली पाटी म्हणजे तंबोऱ्याचे सर्वस्व होय. व्हायोलिनची तार घोडीच्या एका पातळ कडेवर टेकते. तेथे तिच्या कंपनाची हद्द ठाम आणि निश्चित असते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा याच्या उलट चांगला दोन बोटे रुंद असतो. पाहणाऱ्यास तो सपाट भासतो, परंतु तारेच्या दिशेने त्याला इतका अल्प उतार दिलेला असतो की डोळ्यापेक्षा नखाला तो अधिक लवकर कळावा. तार या माथ्याच्या मागील भागावर टेकते आणि पुढील भागावरून स्पर्श होतो न होतो अशा अंतराने निघून जाते. ती छेडली की प्रत्येक कंपनात खाली येताना या उताराला घासते आणि वर जाताना त्याच्यापासून सुटते. तिची वाजती लांबी क्षणोक्षणी किंचित कमी आणि किंचित अधिक होत राहते. तारेचे हे घासणे, आणि ज्या घडणीमुळे ते साधते ती घडण, या दोहोंना मिळून जवारी म्हणतात.

या घासण्याने काय होते हे शास्त्रीय पद्धतीने प्रथम दाखवून दिले ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. प्रकाशाच्या विकिरणावरील ज्या शोधासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले त्याच्या बऱ्याच आधीपासून ते कलकत्त्यास तंतुवाद्यांच्या अभ्यासात गढलेले होते, आणि १९२१ साली त्यांनी तंबोरा व वीणा यांच्या घोडीवर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. कोणतीही ताणलेली तार छेडली असता तिच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वरही निघतात हे सर्वश्रुत आहे. त्याचबरोबर यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने घालून दिलेला नियम असा की एखाद्या उपस्वराचा जो स्थिर बिंदू, नेमक्या त्याच जागी तार छेडली तर तो उपस्वर उमटूच शकत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट, सहापट असे सगळे सम उपस्वर गप्प राहिले पाहिजेत. रामन यांना आढळले की तंबोरा हा नियम पाळीत नाही. जे उपस्वर नियमाने अनुपस्थित असावयाचे तेच त्याच्या तारेतून ठणठणीत ऐकू येतात. तारेचे घोडीवरील टोक बांधलेले नसून ते घोडीच्या माथ्यावर क्षणोक्षणी आपटत-घासत असल्यामुळे खालच्या स्वरांतील शक्ती सतत वरच्या उपस्वरांकडे वाहत राहते, हे त्याचे कारण. तंबोरा छेडल्याबरोबर त्याचा सगळा नाद एकदम अंगावर येत नाही. क्षणाभराने तो उमलतो, एकामागून एक उपस्वर वर येतात, आणि ज्याला गाणारे आस म्हणतात ती लांबत जाते, ती या वाहण्यामुळेच.

या उपस्वरांचे गवयाला काय मोल आहे हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. तिच्या तिप्पट, म्हणजे सुमारे २०८ कंपनांवर पंचम येतो. पाचपट, म्हणजे सुमारे ३४६ कंपनांवर गंधार येतो. हा गंधार कोणत्याही तारेवर लावलेला नसतो, तो आपोआप उमटतो, आणि म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार असे सार्थ नाव आहे. पंचमाच्या तारेचे हेच दोन उपस्वर घेतले तर रिषभ आणि निषाद मिळतात. म्हणजे चार तारांवर केवळ षड्ज आणि पंचम लावून बसलेल्या गवयाभोवती शुद्ध स्वरांचा मोठा भाग न छेडता उभा राहतो, आणि त्यात आपला स्वर मिसळला की नाही हे त्याला तात्काळ कळते. पेटीतील गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनी, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने, चढा असतो. पेटीवर गळा तयार केलेल्या विद्यार्थ्याला जुने उस्ताद पुन्हा तंबोऱ्यापुढे बसवीत त्यात त्यांचा हेका नव्हता, हा फरक होता. मात्र हे सारे जवारी ठीक असेल तरच. ती बिघडली की गंधार प्रथम मुका होतो, पाठोपाठ पंचम मंदावतो, आणि शेवटी चार तारांचे निव्वळ टणत्कार उरतात.

जवारी लावण्याचे काम पाहण्यासारखे असते, जरी त्यात पाहण्यापेक्षा ऐकण्याचेच अधिक असते. कारागीर प्रथम तंबोरा आहे तसा वाजवून ऐकतो. मग तारा सैल करून बाजूला सारतो आणि घोडीचा माथा उजेडाकडे तिरपा धरतो. जेथे तार घासत होती तेथे चकाकणारी रेघ दिसते. जुन्या घोडीवर त्या रेघेचा चर झालेला असतो, आणि चरात बसलेली तार घासत नाही, अडकते. चर नाहीसा होईपर्यंत तो बारीक कानस मागून पुढे, एकाच दिशेने, अंगठ्याच्या दाबाने चालवितो. कानशीने उठलेले ओरखडे करवतीच्या पात्याच्या तुकड्याने किंवा काचेच्या कडेने खरवडून काढतो. शेवटी पॉलिशपेपरने माथा आरशासारखा करतो. एवढे झाल्यावर एक तार चढवून ती गवयाच्या पट्टीत लावतो आणि ऐकतो. बहुधा नाद अजून बंद असतो. पुन्हा तार उतरविणे, कानशीचे दोन हात, पुन्हा तार चढविणे. असे एका तारेसाठी अनेकदा होते, आणि चार तारा चार ठिकाणी घासत असल्यामुळे एकीच्या जागी केलेली दुरुस्ती शेजारणीला बाधू नये ही चिंता निराळीच.

माथा जितका सपाट तितकी तार अधिक लांबीवर घासते आणि नाद झणझणीत होतो. ही खुली जवारी. माथा गोलसर ठेवला तर घासणे आखूड, नाद गोल आणि शांत. ही बंद जवारी. कोणाला कोणती भावेल हा अभिरुचीचा प्रश्न आहे, परंतु फार खुली जवारी प्रथम ऐकणाऱ्याला भुलविते आणि लवकर कर्कश होते, असा अनुभव जुने कारागीर सांगतात आणि मला तो खरा वाटतो. घोडीचे काम झाले की प्रत्येक तारेखाली सुताचा एक दोरा सरकवितात. हा दोरा तारेला केसभर उचलून धरतो, आणि तो पुढेमागे सरकविताना अशी एक जागा येते की तेथे कोंडलेला नाद एकाएकी मोकळा होतो. त्या जागेच्या किंचित अलीकडे वा पलीकडे तो पुन्हा मिटतो. बाजारातून आणलेल्या पैशाच्या सुतावाचून एवढ्या मोठ्या वाद्याचे अडावे, याचे नवख्याला नवल वाटते. रामन यांनीही आपल्या निबंधात या दोऱ्याची आवर्जून दखल घेतली होती.

घोडी कशाची असावी याबद्दल पूर्वी वाद नव्हता. सांबरशिंग किंवा हस्तिदंत. दोन्ही कठीण, एकजीव, आणि तारेखाली सावकाश झिजणारे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि त्यातील पुढील दुरुस्त्या यांनी हे दोन्ही माल बाजारातून उठले, आणि ते उठले हे योग्यच झाले. एका खर्जासाठी हत्ती मारण्याचे समर्थन कोणताही रसिक करणार नाही. त्यांच्या जागी उंटाचे किंवा बैलाचे हाड, आबनूस आणि अलीकडे कृत्रिम प्लास्टिक आले. हाडाची प्रत सारखी नसते, आबनुसाचा नाद मऊ पण झीज लवकर, प्लास्टिक टिकाऊ खरे पण त्याच्या नादात थोडा काचेरीपणा येतो. यामुळे जवारी अधिक वेळा लावावी लागते, आणि प्रत्येक खेपेला घोडीचा माथा कानशीखाली थोडा उतरतो. अशी काही वर्षे गेली की घोडी इतकी बुटकी होते की तिच्या पायांखाली पातळ पट्ट्या चिकटवून उंची भरून काढावी लागते, आणि अखेरीस ती बदलावीच लागते. नवी घोडी बसविलेला जुना तंबोरा हा त्याच्या मालकाला काही दिवस परका वाटतो.

याखेरीज दुरुस्तीचे नित्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. पावसाळ्यात खुंट्या फुगून बसतात, उन्हाळ्यात त्याच खुंट्या घसरतात आणि खडू लावून भागवावे लागते. गळ्याचा जोड हा तंबोऱ्याचा सर्वांत नाजूक सांधा. आगगाडीच्या डब्यात कोणी वळकटी टेकविली की तो निखळलाच. भोपळ्याला तडा गेला तर कारागीर जुन्या फुटक्या भोपळ्याचे तुकडे हुडकून आतून सरसाने ठिगळे लावतो, भेग भुश्याच्या आणि सरसाच्या लुकणाने भरतो, वरून रंग आणि लाख चढवितो. हे काम मनापासून केले असेल तर तडा कोठे होता ते मालकालाही दाखविता येत नाही, आणि नादात अंतर पडत नाही. फुटके भोपळे फेकून न देण्याची कारागिरांची सवय परक्याला कंजूषपणाची वाटते; परंतु जुन्या सालीला जुनीच साल जुळते. अमेरिकेत किंवा युरोपात स्थायिक झालेली आपली मंडळी मिरजेहून हौसेने तंबोरे नेतात, आणि हिवाळ्यात घर उबदार ठेवण्याच्या यंत्रणेने खोलीतील हवा कोरडी ठणठणीत झाली की तबली आकसते व भोपळा तडकतो. तेथे ठिगळ लावणारा कोण मिळणार? मग दोन वर्षांनी सुट्टीवर येताना तो तंबोरा गवसणीत गुंडाळून परत मिरजेस येतो.

दुरुस्तीला हलके लेखण्याची वृत्ती आपल्याकडे आहे, म्हणून एक दाखला देतो. इटलीतील क्रेमोना येथील आंतोनियो स्त्रादिवारी १७३७ साली वारला. त्याची जी व्हायोलिने आज अफाट किमतींना विकली जातात त्यांपैकी जवळजवळ सर्वांचे गळे एकोणिसाव्या शतकात बदलण्यात आले आहेत, आतील आधारपट्ट्याही नव्या बसविण्यात आल्या आहेत, कारण मोठ्या सभागृहांसाठी तारांचा ताण वाढवावा लागला. म्हणजे जगातील सर्वांत नावाजलेली तंतुवाद्ये आज ज्या आवाजाने ओळखली जातात तो आवाज मूळ कर्त्याइतकाच पुढील दुरुस्तीवाल्यांचाही आहे. तेथे त्या दुरुस्तीवाल्यांची नावे लिहून ठेवलेली सापडतात. आपल्याकडे उत्तम तंबोऱ्यावर करणाऱ्याच्या दुकानाची चिठ्ठी असते. त्याची जवारी ज्याने दहा वेळा लावली त्याचे नाव गवयालाही पुष्कळदा केवळ ‘मिरजेचे चाचा’ एवढेच ठाऊक असते.

१९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, आणि आज तर तो खिशातील मोबाइलवर फुकट वाजतो. त्याची निंदा करणे मला मान्य नाही. चाळीतल्या एका खोलीत पहाटे रियाझ करणाऱ्या मुलीला पाच फुटी वाद्य ठेवावयास जागा कोठून मिळणार? पण प्रवासाला, रियाझाला, आणि हळूहळू मैफलीलाही हे यंत्र चालू लागले तसा तंबोरा कपाटावर चढला, आणि न वाजणाऱ्या तंबोऱ्याची जवारी बिघडत नाही. नव्या वाद्यांची मागणी घटली तर कारागिराचे एक गिऱ्हाईक जाते. जुनी वाद्ये वाजेनाशी झाली तर त्याचे बारमाही उत्पन्नच जाते. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ही समाधानाची गोष्ट आहे, आणि त्यामुळे नकली मालाला काही आळा बसेल. परंतु मानांकनाच्या सनदेने कान तयार होत नाही. तो तयार होण्यास वीस वर्षांचा मुलगा दहा वर्षे कानस घेऊन बापाशेजारी बसावा लागतो, आणि तसा तो बसावा इतकी मजुरी जवारीला मिळाली पाहिजे. सध्या गिऱ्हाईक नव्या तंबोऱ्याच्या किमतीत हुज्जत घालीत नाही आणि जवारीच्या मजुरीत घालते. हा व्यवहार उलटा आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी, शाळेत किंवा गायनसमाजाच्या कचेरीत एखादा तंबोरा गवसणीत पडून असेल त्यांना एवढेच सुचवितो की तारा गंजल्या आहेत म्हणून तो निकामी समजू नका. गळा शाबूत आणि तबली बसलेली नसेल तर पुढचे बहुतेक सर्व दुरुस्त होते. घोडी तेवढी सुटी करून कोणाबरोबर पाठविण्याचा मोह होतो, पण शक्यतो वाद्य सगळे न्यावे, कारण घोडीची परीक्षा तिच्या तबलीवरच होते. आणि नेताना आपली पट्टी कारागिराला अवश्य सांगावी. काळी एकसाठी लावलेली जवारी काळी चारला चालत नाही.